अकरा सेकंद

कोर्सच्या शेवटी मला एक लाल टिकली मिळाली होती.
लाल म्हणजे तडफदार, झटक्यात निर्णय घेणारी.
निळे विचार करतात, हिरवे सांभाळून घेतात,
पिवळ्यांचं काय ते आता आठवत नाही.
टिकली मी हेल्मेटला चिकटवली
आणि तांपेरेच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या कागद गिरणीत
पहाटे सहाच्या पाळीची प्रमुख झाले.

बाहेर उणे एकवीस. आत मशीन नंबर तीन
मिनिटाला किलोमीटरभर कागद वाळवत होतं.
मी म्हणाले, "बेअरिंग पुढच्या शनिवारी बदलू.
कुणाला काही बोलायचंय?"
औलिस गप्प. तुइया गप्प. न्हुंग गप्प.
पडद्यावरचे सगळे दिवे हिरवे.
मी पान उलटलं.

मी कुमासीच्या बाजारातली.
आईचा कापडाचा ठेला, आणि तिथे
जो गप्प बसला त्याचा सौदा झाला.
मूग गिळून बसणाऱ्याला
तिथे गिळायला मूगही उरत नाहीत.

गुरुवारी बेअरिंग गेलं.
कुणाला लागलं नाही. हे आधी सांगते,
कारण फोनवर आईनेही आधी तेच विचारलं.
नऊ तास आम्ही मशीनच्या पोटातून
ओल्या, गरम चिंध्या उपसत होतो.

चौकशीत औलिस म्हणाला, "मी सांगणार होतो."
"कधी?"
तो विचारात पडला. खरोखरच पडला.
मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं: अकरा सेकंद.
मग म्हणाला, "तू पान उलटलंस
तेव्हा मी वाक्य जुळवत होतो."
त्याच्या हातात झाडूची जुनी दांडी.
एक टोक मशीनला, एक कानाला,
चौतीस वर्षं तो असाच ऐकत आलाय.
पडदा तापमान सांगतो, दांडी कुरकुर सांगते.
त्या दोघांची गाठ
मी कधी घालूनच दिली नव्हती.

न्हुंगला एकटीला गाठलं, कॉफीच्या यंत्रापाशी.
तिने खिशातून चौघडी कागद काढला:
सोमवारचे आकडे, मंगळवारचे, पेन्सिलीचा एक बाण.
"सगळ्यांसमोर तुमचं चुकतंय असं कसं म्हणणार?"
आणि तुइया?
तुइयाला खरंच काही म्हणायचं नव्हतं.
तिचा बसचा पास हरवला होता.

तिघं गप्प, तीन वेगळ्या भाषांत गप्प.
मौन म्हणजे होकार, असं पहिल्यांदा ज्याने म्हटलं
त्याला कुठेतरी जायची घाई असणार.

माझा मामा गावच्या प्रमुखाची काठी धरायचा.
प्रमुख सगळ्यांच्या शेवटी बोलायचा,
तेही पुटपुटून, मामाच्या कानात,
मग मामा ते मोठ्याने सांगायचा.
लहानपणी मला वाटायचं,
बिचाऱ्याला नीट बोलता येत नाही.

आता मी प्रश्न टाकते
आणि टेबलाखाली बोटं मोजते.
सात. आठ.
नवव्याला जीभ शिवशिवते, दहाव्याला
कुणीतरी खाकरतं, आणि ते नुसतंच खाकरणं असतं.
न्हुंगचा कागद मी आदल्या दिवशीच मागून घेते.
परवा तिने त्यात माझंच गणित खोडलं होतं.
बरोबर खोडलं होतं. मला दुपारभर राग आला.

मार्चमध्ये ड्रायरखालच्या धुळीने पेट घेतला.
तेव्हा अकरा सोडा, एकही मोजला नाही.
"औलिस, मशीन बंद! न्हुंग, दार!
तुइया, सगळ्यांना घेऊन बाहेर!"
असा आवाज माझ्यात आहे हे विसरलेच होते,
आईचा होता तो, ठेल्यावरचा.
कुणी विचारलं नाही, हा कुठला रंग.

नंतर बर्फात उभे होतो, तोंडं काजळीची.
तुइया माणसं मोजत होती, तिसऱ्यांदा.
औलिस माझ्याकडे बघून म्हणाला, "हं."
त्याचे चार "हं" मला आता ओळखता येतात.
हा त्यांतला नव्हता.
"हा कुठला?" मी विचारलं.

तो गोठलेल्या तळ्याकडे बघत राहिला.
मी थांबले.
हातमोजे माझे आतच राहिले होते.