बाहुलीचा कप

हॅलिफॅक्सच्या सभागृहाबाहेर ती सतराजणं उभी होती.
घोषणा नाहीत, ढोल नाही.
गोंगाट त्यांनाच सोसत नाही, म्हणून
नुसते पुठ्ठे. एकावर लिहिलेलं:
आमच्याबद्दल बोलताय, तर खुर्च्या वाढवा.

मी आत बोलणार होते. विषय तोच, तीस वर्षं तोच.
गळ्यात ओळखपत्र, हातात ओली छत्री
आणि नजर, सवयीने, प्रत्येकाच्या डोळ्यांवर:
कोण बघतंय, कोण चुकवतंय.

‘डॉक्टर देवस्थळी?’
माझ्या खांद्याकडे बघत एकीने विचारलं.
टॅम्सिन ओल्डरॉइड.
मला आठवेना. तिला मात्र
माझ्या तेव्हाच्या स्वेटरची बटणं आठवत होती:
सहा. पाचवं वेगळं.

तिने लिफाफा दिला.
आत माझाच अहवाल. मार्च चौऱ्याण्णव, वय वर्षं सहा,
आणि समासात हिरवी शाई.

मी लिहिलं होतं: कल्पनेने खेळत नाही.
बाहुलीला चहा पाज म्हटलं, तर कप उलटा धरते.
हिरव्यात: कप रिकामा होता. मी खात्री करून घेतली.

मी: कारण नसताना टेबलाखाली जाते.
ती: तुमची ट्यूबलाइट किरकिरत होती.
तुम्हाला खरंच ऐकू येत नव्हतं?

मी: एकच निरर्थक वाक्य घोकते, ‘किटली ठेवलीय’.
ती: वीज कडाडून गेली की माझी आजी ते म्हणायची.
मी घाबरलेय, हे मी तुम्हाला
वीस मिनिटं सांगत होते.

आईच्या थंडपणाबद्दलही मी एक ओळ लिहिली होती.
तिथे शाई नव्हती.
कागद तेवढा खरवडलेला,
पलीकडून बोट दिसावं इतका.

‘तुमच्या भाषेत आम्हाला काय म्हणतात?’
स्वमग्न, मी म्हटलं. स्वतःतच बुडालेला.
तिने शब्द तोंडात घोळवला, दोनदा, चवीने,
मग दाराच्या काचेतून आत पाहिलं,
मंचावर आम्हा पाच तज्ज्ञांच्या नावांच्या पाट्या,
पाच ग्लास पाणी.
‘आणि ह्यांना?’

भाषण पिशवीतच राहिलं. मी अहवाल वाचला,
आधी हिरवी शाई, मग माझी काळी.
पहिल्या रांगेतले एक प्राध्यापक उठले:
किस्सा म्हणजे पुरावा नव्हे.
हाही किस्साच होता हो, मी म्हटलं,
फक्त टाइप केलेला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
मागे भिंतीला टेकून उभ्या सतराजणांनी
हात वर करून बोटं हलवली, आवाज न करता.
अशा बोटांना मी आयुष्यभर
‘लक्षण’ म्हणत आले.

घरी कपाटात चारशे बारा अहवाल आहेत.
रात्री एकेक काढून बसले.
सगळ्यांवर माझी सही, ठसठशीत.
पत्ते जुने.