नऊ ‘ई’

शिडीवर मी. मागे उत्तर समुद्र, कानात वारा,
काखेत बिस्किटांचा डबा, डब्यात प्लास्टिकची अक्षरं.
जुन्या बर्फ कारखान्यातलं आमचं नाटकघर, खुर्च्या अठ्ठेचाळीस,
त्यातली एक खांबामागची, ती अर्ध्या किमतीत.
दर हंगामाला पाटी लावायचं काम माझ्याकडे,
कारण त्यातल्या त्यात धड गुडघे माझेच.

जानेवारीत हौशी मंडळाचा फार्स. तोच.
दारं पाच, पैकी चौथं अडकतं,
पाद्री झालेला शिंपी दरवर्षी तिथेच अडकतो
आणि लोक दरवर्षी त्यालाच हसायला येतात.
फेब्रुवारीत दोन माणसं, एक दीपगृह.
दिवा आपोआप लागायला लागल्यावर
त्यांनी करायचं काय, एवढंच नाटक. दीड तास. मध्यंतर नाही.
मार्चचं ठरत नाही अजून:
शाळेतल्या मुलांना ड्रॅगन हवाय, हेडबाईंना इतिहास.

आणि एप्रिलात सेंगा लाउनी.

सोळाव्या वर्षापासून मासे कापायच्या शेडमध्ये.
आजीचं नाव अ‍ॅग्नेस, तेच उलटं लिहून हिचं केलं,
म्हणूनच असेल, गोष्ट शेवटाकडून सांगायची खोड.
वही घेऊन आली तेव्हा बाहीवर खवले,
पानांना हॅडकचा वास.
पहिल्या खर्ड्यात नमनालाच घडाभर तेल;
रोनाने, आमच्या दिग्दर्शिकेने, अकरा पानं खोडली.
सेंगाने त्यातली चार रात्रीतून परत आणली,
धार लावून.

एका संध्याकाळी ओहोटी लागते आणि भरती येतच नाही.
बोटी चिखलात कुशीवर. शेडमधल्या तीन बाया
एप्रन न काढता समुद्राच्या तळावरून चालत सुटतात.
सापडतो एक रेडिओ. सूपची बशी, न फुटलेली.
आणि एकीची लग्नातली अंगठी,
जी तिने स्वतःच फेकली होती.

खजिनदार लायल पिरी म्हणाले, बघायला येणार कोण?
एखादा खून घाल की मध्ये.
सेंगा म्हणाली, आहे ना.
फार हळू होतो, म्हणून दिसत नाही.

वाचन झालं नोव्हेंबरात. हीटर दोन, श्रोते अकरा.
जेम्सिना वॉट विणकाम घेऊन पहिल्या रांगेत.
अंगठीच्या प्रवेशाला तिच्या सुया थांबल्या.
पुन्हा सुरू झाल्या खऱ्या, पण दोनदा टाके उसवले तिने,
आणि ती चुकत नाही, तीस वर्षं पाहतोय मी.
टाळ्या नाहीत.
फक्त उठायची घाई कुणालाच नव्हती.

तर आता ही पाटी.
नाटकाचं नाव: त्या संध्याकाळी समुद्र दुसरीकडे होता.
इंग्रजीत लिहायला नऊ ‘ई’ लागतात. डब्यात चार.
तीनचे दोन आकडे उलटे लावले, एक तारखेतला,
एक तिकिटाच्या दरातला. झाल्या सहा.
‘एम’ आडवा टेकवला, सात म्हणायला.
रोना खालून म्हणाली, नाव बदलू या का? छोटंसं, दोन ‘ई’वालं?
म्हटलं, तिलाच विचार.

सेंगा पाळी संपवून आलीच होती.
बोलली काही नाही. मासळीच्या पेटीचं थर्माकोलचं झाकण
गुडघ्यावर धरलं, सुरी काढली,
आणि ज्या हाताने आयुष्यभर काटा सोडवला मासापासून
त्याच हाताने दोन ‘ई’ कोरून वर दिल्या.
एक दाणा सांडला नाही.

मी शिडीवरून उतरायच्या आतच एक सीगल
शेवटच्या ‘ई’ला चोच मारायला लागला. वास जात नाही ना.
हाकलतोय मी. येतोय तो.
धक्क्यावरून जाणारा डिझेल पंपावरचा पोरगा
मान वर करून अडखळत वाचतो, थांबतो,
विचारतो, दुसरीकडे म्हणजे कुठे?

तारीख पाटीवर नाही, तिचा तीन नावात खर्ची पडलाय,
म्हणून तोंडीच सांगतो:
तीन एप्रिल, संध्याकाळी साडेसात.
खांबामागची खुर्ची अजून शिल्लक आहे.