खर्चाची बाजू

आलिर आशे गायचा आणि मी व्हॅन चालवायचे,
त्र्याहत्तरपासून एक्क्याण्णवपर्यंत.
सगळं या वहीत आहे:
मैल, मग सरकारने बदलल्यावर किलोमीटर,
पेट्रोल, तारा, घशासाठी मध,
रुतलेली व्हॅन बर्फातून ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचे पाच डॉलर.
जमेची बाजू बारीक. तिथे मी पेन्सिल वापरली.

लोकांना वाटतं, ब्लूज शिकवायला
मिसिसिपीचा कुणी म्हातारा चालत आला असेल.
कुणी आलं नाही.
लामेकच्या हेरिंग-कारखान्यात, एकोणिसाव्या वर्षी
पात्याने त्याची डावी करंगळी अर्धी नेली.
पडून राहिला महिनाभर, रेडिओ कानाशी.
रात्री पाण्यावरून अमेरिकेतलं कुठलंसं स्टेशन
खरखरत यायचं, बुडायचं,
बुडालं की तेवढी जागा हा गुणगुणत भरायचा.
मग कॉड-लिव्हर तेलाच्या बाटलीचा गळा कापला
आणि उरलेल्या करंगळीवर चढवला.
तारेवरून काच पहिल्यांदा घसरली तेव्हा
आई आतून ओरडली,
"बघ रे, बाहेर कोण रडतंय!"

शब्द मात्र आमच्या किनाऱ्याचे.
इथे माणूस बुटाची नाडी बांधत नाही,
होडीसारखी खुंटाला लावतो.
इंजिन, ब्रेक आणि बॉस इंग्रजीतून येतात,
थंडी आपली आपणच येते.

शहात्तर साली मॉन्ट्रियलला
वायांकूर नावाचा माणूस काचेपलीकडे बसला होता.
म्हणाला, उच्चार जरा धुऊन घे.
आलिरने धुतले.
अकरा गाणी, एकावरही डाग नाही.
पाचशे तबकड्या काढल्या,
तीनशे सात अजून माझ्या पलंगाखाली आहेत.

परतताना मातापेदियाच्या दरीत
उणे वीसमध्ये त्याने खिडकी खाली केली
आणि अकराच्या अकरा गाणी पुन्हा म्हटली,
चिखल, खवले, शिव्या, सगळं परत घालून.
माझे हात स्टिअरिंगला चिकटले होते,
"खिडकी लाव" म्हणायचं सुचलं नाही.
ते कुणी रेकॉर्ड केलेलं नाही.
वहीत त्या रात्री एवढंच: हेडलाइट, सोळा डॉलर.

एकदा ब्रिटनीतल्या जत्रेत बोलावलं.
कार्यक्रमानंतर मोत्यांची माळ घातलेली एक बाई
फार प्रेमाने विचारत होती,
"किती सुंदर! पण ही भाषा कुठली?"
आलिर गिटार पुसत होता.
"तुमचीच, बाई.
आम्ही थोडे दिवस मिठात ठेवली होती."

आमचं काही होतं का, असंही विचारतात.
वहीत तसा रकाना नाही.
बाथर्स्टच्या मोटेलात एकदा हीटर बंद पडला होता,
खोलीचं अर्धं भाडं परत मिळालं.

मग घसा. मग ऑपरेशन.
शेवटचा कार्यक्रम शिपागनच्या गोठलेल्या खाडीवर,
मासेमारीच्या लाकडी खोपटात:
चार श्रोते, एक शेगडी, बर्फाला एक भोक.
आवाज उरला नव्हता, त्याने नुसती काच फिरवली.
ओळी ओनेझिम दुगेने म्हटल्या,
दुसरं कडवं आधी, पहिलं गाळून,
मध्येच गळ ओढत.
आलिरने दुरुस्त केलं नाही.
डोळे मिटून तो भोकाकडे तोंड करून बसला होता,
जणू साथीला खालून कुणी होतं.
मानधन: दोन डझन मासे.
जमेत लिहिले. थंडीने पेन चालेना,
म्हणून तेही पेन्सिलीनेच.

तो गेल्यावर मी व्हॅन विकली.
काल घेणाऱ्या पोराचा फोन आला,
सीटखाली बाटलीचा गळा सापडलाय,
कड घासून गुळगुळीत केलेली,
टाकून देऊ का?
मी म्हटलं, हात लावू नकोस. कुठे आहेस?
त्रासादीला, म्हणाला.

जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर.
शेजारणीची गाडी मागितली आहे,
पेट्रोल माझं.