दोन अंगठ्यांचा मोजा

धारावीत साठ फुटी रस्त्याच्या मागे माझा गाळा.
पट्टे, पर्सा, ऑफिसवाल्यांची पाकिटं.
फेब्रुवारीत कोळीवाड्यातली सुरंगी केणी आली,
वहीचं पान घेऊन. पानावर पंजा काढलेला.
मी बोटं मोजली.
चार बोटं, आणि दोन्ही कडांना एकेक अंगठा.

"चुकलंय," म्हटलं.
"नाही काका, असाच शिवायचा."

बेसबॉल म्हणे.
तिने चेंडू माझ्या हातावर ठेवला, पांढरा, लाल टाक्यांचा.
टाके हाताने घातलेले. शेवटचे दहा-बारा
घाईत उरकले होते त्या माणसाने. जेवणाची सुट्टी झाली असेल.

समोरचा उजवा असेल तर चेंडू उजव्याने टाकायचा,
डावखुरा असेल तर डाव्याने.
मोजा मात्र एकच, तो या हातातून त्या हातात.
पण आधी अंपायरला दाखवायचं, कोणता हात.
एकदा दाखवला की त्या गड्यापुरता तोच.
परदेशात अशा हातांना पगार असतो, ती म्हणाली.
माझी आई म्हणायची, लेकरांत डावं-उजवं करू नये.
इथे पगारच त्याचा.

डावा तिचा जन्माचा.
उजवा शाळेचा. पहिलीत बाईंनी
डावं मनगट बाकाला रिबिनीने बांधलं, वर्षभर.
उजवा शिकला, पाटीवर, ताटात, प्रसादाला पुढे होऊन.
डावा संध्याकाळी खाडीवर जायचा
आणि तिवरांपलीकडे दगड भिरकवायचा.

माझ्या उजव्या अंगठ्याचं पेर
सत्त्याण्णव साली मशीनमध्ये गेलं.
कुणा गुरूने मागितलं नव्हतं.
रापी डाव्यात आली, मग आरी, मग हळूहळू सगळंच.
गिऱ्हाईक हात बघत नाही, टाका बघतं,
म्हणून कुणाला सांगायची वेळ आली नाही.
तिला सांगितलं.
तिने पेराकडे बघितलं आणि विचारलं, "मग किती दिवस लागतील?"

साचा तीनदा फाडला.
दुसरा अंगठा बसेचना,
पाहुण्यासारखा कडेला अवघडून उभा.
म्हशीचं कातडं, एरंडेल, मेणाचा दोरा,
दोन्हीकडे वाद्यांची जाळी.
एक अंगठा डाव्या हाताने शिवला.
दुसऱ्याला वाटलं, बघू या,
आणि आरी उजव्यात घेतली, सत्तावीस वर्षांनी.

मे महिन्यात वडाळ्याच्या मैदानावर निवड होती.
गाळा बंद ठेवून गेलो.
दोन माणसं खुर्च्या टाकून वहीत काही लिहीत होती.
पहिल्या दोघी आल्या तशा गेल्या.
तिसरी बॅट घेऊन उजवीकडे उभी राहिली,
सुरंगीने मोजा डाव्यात घातला.
ती बया पलीकडे जाऊन डावखुरी झाली.
मोजा उजव्यात.
ती परत इकडे. मोजा परत तिकडे.
आमच्या बोळात हंडे घेतलेल्या दोन बायका
समोरासमोर आल्या की अशाच
एकाच बाजूला सरकत राहतात.
पोरं हसायला लागली. अंपायरने टोपी काढून डोकं पुसलं
आणि सांगितलं, आधी टाकणारीने ठरवायचं.

सुरंगी थांबली.
मोजा उजव्यात चढवला.
चेंडू गेला तो मला दिसलाच नाही,
पकडणारीच्या मोज्यात वाजला तेवढा ऐकू आला.

वहीवाल्यांनी काय लिहिलं ते कळलं नाही.
ती घामाघूम माझ्याकडे आली.
"काका, डाव्यात घातला की अंगठा सैल लागतो."
टाके बघायची गरज नव्हती.
त्या बाजूला कोणता हात चालला होता, मला माहीत होतं.
"आण, आवळून देतो."
"राहू दे," म्हणाली,
"त्या हाताला एकदा बांधून झालंय."

बरं, म्हटलं.
उरलेले चारशे मागायचे राहूनच गेले.