साहेब रजेवर

पहाटेची गाडी. आधार दाखवून
शून्य रुपयाची पाच तिकिटं:
मी, अक्काताई, जैतूनबी, बाळव्वा
आणि मालन, जी गाडीत बसली की ओकते
म्हणून खिडकी तिची.

काम म्हणाल तर अंगठ्याचं.
चाळीस वर्षं पान कातरलं, तंबाखू भरली, दोरा मारला,
आता पेन्शनच्या यंत्रावर अंगठा ठेवला
की यंत्र म्हणतं, पुन्हा ठेवा.
पुन्हा ठेवला की म्हणतं, हे माणूस नाही.
कट्टे मोजून घेताना मुकादमाला
बरं दिसायचं माणूस.

हापिसाच्या दाराशी शिपाई म्हणाला,
"साहेब्रु इवत्तु रजा."
रजा हा शब्द दोन्हीकडे एकच,
तरी बाळव्वानं आमच्याकडं वळून
मराठीत सांगितलं, हळू,
मयताची बातमी सांगतात तसं.

परतीची गाडी लगेच होती.
पण भाकऱ्या बांधून आणलेल्या,
अक्काताईनं घडीचं पातळ मोडलेलं.
तीच म्हणाली, बेळगाव आपण बघितलंय कधी गं?
कोर्ट बघितलंय.
सिव्हिल हॉस्पिटल बघितलंय, जिन्याखालची जागासुद्धा.
मोर्चात कचेरीचं फाटक बघितलंय
तीन तास, उन्हात, बाहेरून.

पाट्या कळत नव्हत्या.
बाळव्वाला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही.
मला वाचता येतं, चौथीपर्यंतचं मराठी,
ते असलंच तर कुठंतरी खाली, बारीक.
दोघी मिळून एक शहाणी होत नाही,
जैतूनबी म्हणाली,
आणि रिक्षावाल्याला हिंदीत विचारून मोकळी झाली.

किल्ल्यात कमळ बस्ती.
काळा दगड, आत माठातल्यासारखा गारवा,
छताला उलटं लोंबणारं कमळ.
मान मोडेस्तोवर बघितलं.
किती सुंदर, असं कुणी म्हणालं नाही.
मालन म्हणाली, सगळ्या पाकळ्या एका मापाच्या,
एकही छाट गेली नसंल.
मग विषय निघाला
की कोरणाऱ्याला मजुरी हजारी होती का रोजावर,
आणि त्यावर तळ्यापर्यंत भांडण.

तळ्यात पायानं मारायच्या होड्या.
चौघी बसल्या. मी काठावर
पाच जणींच्या चपला राखत.
मधोमध गेल्यावर होडी गोल फिरायला लागली,
अक्काताईचा जोर एकीकडं, बाळव्वाचा दुसरीकडं.
आधी आरडाओरडा तीन भाषांत,
मग कुठल्याच नाही, नुसतं हसू,
आणि हसण्याच्या पाठीमागून खोकला,
तो आमचा.
डोळे मिटून सांगितलं असतं कोणता कुणाचा.

खडेबाजारात पाव किलो कुंदा, पाच जणींत.
दुकानदार म्हणाला, कुठल्या तुम्ही?
निपाणीच्या.
"म्हणजे इथल्याच की."
आम्ही एकमेकींकडं बघितलं.
तोंडात कुंदा होता,
म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

साडेपाचची गाडी. हत्तरगीचा टोलनाका गेला,
संकेश्वर आलं, मालन ओकली नाही.
पिशवीत फॉर्म चाचपला.
कुंद्याच्या पुडीखाली राहिलेला,
चौकोनाच्या थोडा बाहेर
तुपाचा डाग.
अंगठ्याएवढा. आत रेघ एक नाही,
नुसता गोल.
दिव्यापुढं धरला तर
त्यातनं पाठीमागची अक्षरं दिसतात, उलटी.
सुलट काय आहेत
ते सोमवारी साहेबाला विचारायचं.

जैतूनबी म्हणते, सोमवारीपण
रजेवर असू दे बिचारा,
चर्च बघायचं राहिलंय.