आवडींचा रकाना

बुधवारी चारला मी वाचनालयात असते,
सहकारनगरच्या, मागच्या खोलीत, रद्दीशेजारी.
बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली.
कॉल जोडून द्यायचा आणि कान काढून घ्यायचा, हा नियम.
आता एकट्यादुकट्यांची माहिती फोनवर भरून देते:
नाव, वय, राहणार कुठे, आवडी.

आवडींपाशी सगळे अडतात.
हुब्लीकर म्हणाले, लिहा, वाचन.
काय वाचता?
हल्ली काही नाही.
छापखान्यात चाळीस वर्षं खिळेजुळवणी,
अजून दुकानाच्या काचेत उलटी दिसलेली पाटी
त्यांना सुलटीच्या आधी कळते.
मी तेच लिहिलं.
रागावले. हे काय लिहिण्यासारखं आहे?

फोटोवरून तर भांडणच.
त्यांना हवा होता मुलाच्या लग्नातला, फेट्याचा.
म्हटलं, भेटायला फेटा बांधून जाणार आहात?
खिडकीशी उभं केलं.
वाचता वाचता चष्मा कपाळावर गेलेला,
तो तसाच राहू दिला.

नऊ दिवस काही नाही.
मग धनकवडीहून विजया तारळेकर:
मी लहानपणी भावाला उलट्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहायचे.
भाऊ गेला.
टेकडी नको, गुडघे दुखतात. रसवंती चालेल.

मी जाणार नव्हते.
पण समोरच्या भाजीवाल्यापाशी उभी राहिले, खोटं कशाला बोलू,
पाव किलो गवार तीनदा निवडली.

ते आले. कडक इस्त्री, चष्मा नाकावर.
त्या आल्या, हातात काठी, जी फोटोत नव्हती.
शेजारशेजारच्या टेबलांवर बसले
आणि आपापल्या फोनमध्ये एकमेकांना शोधत राहिले.
वीस मिनिटं.
फेटा चालला असता, वाटून गेलं.

मग काहीतरी नीट दिसेना म्हणून
हुब्लीकरांनी चष्मा कपाळावर ढकलला.
तारळेकर बाई थांबल्या.
ग्लासाखालच्या पाण्यात बोट बुडवलं,
आणि त्यांच्या टेबलाच्या कडेला वाकून काही लिहिलं.
त्यांनी वाचलं. मान न वळवता.
काय लिहिलं होतं ते मला विचारू नका.
बाई, घ्यायची का नाही गवार?
घेतली.

बुधवारी हुब्लीकर सगळ्यांच्या आधी हजर.
मला वाटलं, काही सांगतील.
फोन पुढे केला, काचेवर बोट ठेवलं:
'जुळवणी'ची वेलांटी ऱ्हस्व पडलीये.
लोक वाचतात हो हे.