शंभर निमिष

उजवा लवतोय. बाईमाणसाचा उजवा.
ठुबेवहिनी म्हणाल्या, लक्षण बरं नाही, मीठ ओवाळून टाक.
तरन्नुम म्हणाली, मोबाइल कमी बघ.
मोबाइल कुठला, माझ्यापुढं कागद असतो:
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये सत्तावीस वर्षं
छापील ताव उलटतेय, केसाएवढी चूक शोधतेय.
शाई फुटली, रेघ सरकली, आकडा लंगडला
की ताव बाजूला.
डोळा हेच माझं हत्यार,
आणि तेच तीन आठवडे थरथरतंय
काड्यापेटीत कोंडलेल्या किड्यासारखं.

तिवंध्यात क्षेमकल्याणी वैद्यांचा जिना अरुंद,
दोर धरून चढायचा.
त्यांनी नाडी धरली, पापणीकडं बघितलंसुद्धा नाही.
"चहा किती?" सात.
"झोप?" पाळीवर आहे.
"निमेष म्हणतात याला. वात पापणीत शिरलाय.
पण गालापर्यंत उतरला तर माझ्याकडं येऊ नका,
मेंदूच्या डॉक्टरकडं जा. आत्ताच सांगून ठेवतो."

कुसाबाईंनी उडदाच्या पिठाचं आळं केलं
डोळ्याभोवती, विहिरीला कठडा बांधावा तसं,
आणि कोमट तूप सोडलं.
"उघडा आता."

तुपाखाली डोळा उघडायचा म्हणजे
आधी भीती, मग पिवळं, मग काहीच नाही.
पंखा विरघळला. कॅलेंडरवरचा गणपती विरघळला.
वैद्य मोजायला लागले.
"शंभर मात्रा. एक मात्रा म्हणजे
निरोगी पापणी एकदा लवायला लागतो तेवढा वेळ."

शंभर. माझं बंडलही शंभराचंच.
मीही मोजत राहिले मनात, सवयीनं,
खाली तांबटांची हातोडी चाललेली,
ना त्यांच्या आकड्यात बसणारी ना माझ्या.

एकेचाळिसाव्याला तो ताव दिसला.
मार्चातली रात्रपाळी. उजव्या कोपऱ्यात एक रेघ कमी.
मी बघितली होती.
बघितली आणि पुढं सरकवली,
कारण पहाटेचे साडेचार, कारण उठायचं,
रजिस्टर, सही, साहेबांचं तोंड.
कुणी विचारलं नाही. ती नोट कुठंतरी फिरतेय,
कुणाच्या तरी पदराच्या गाठीत.

"डोळा हलवू नका."
हलवला नव्हता. भरून आला होता.
तुपात पाणी मिसळत नाही, गुपचूप खाली बसतं.

मग तळपायाला तूप आणि काशाची वाटी.
गोल गोल, गोल गोल, तूप काळं झालं.
कुसाबाई म्हणाल्या, बघा किती उष्णता निघाली!
पडद्याआडून वैद्य: "कासं आहे ते, घासलं की काळं होणारच.
निघाली का नाही ते रात्री कळेल."

रात्री मी झोपले. इतकी, की दूधवाला परत गेला.

अकरा दिवस असे. चहा तीनवर आला.
पापणी कशानं थांबली, सांगता येणार नाही,
तूप, झोप, की तो ताव एकदा
नीट बघून झाला म्हणून.
वैद्यांना विचारलं नाही.
त्यांनी सांगितलंही असतं, खरं खरं.

शेवटच्या दिवशी फी दिली.
परत आलेली वीसची नोट
न बघता पर्समध्ये टाकली.
सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच.

शालिमारला बस उभी होती. खिडकी मिळाली.
डोळा शांत, वाऱ्यावरसुद्धा शांत.
द्वारका चौकापर्यंत दम धरला.
मग पर्स उघडली.